रक्तदाब मोजायला मुलांच्या दंडाच्या मापाचा पट्टा द्या: आरोग्य विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा, महाराष्ट्र राज्य
मा. जिल्हा शल्यचिकित्सक आणि मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, सिंधुदुर्ग व रत्नागिरी

विषय: लहान मुलांचा रक्तदाब नियमित मोजणे आणि वाढलेल्या रक्तदाबामागचा आजार शोधण्याची सोय करणे याबाबत

महोदय, महोदया,

गेल्या महिन्यात मला एका सरकारी कार्यालयाकडून दोन ओळींचं उत्तर आलं. ‘लहान मुलांमध्ये उच्च रक्तदाबाचे प्रमाण नगण्य असल्याने शालेय आरोग्य तपासणीत त्याचा स्वतंत्र अंतर्भाव करण्याची आवश्यकता दिसून येत नाही. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. कार्यालय कुठलं ते लिहीत नाही, कारण हे वाक्य कुणा एका साहेबांचं नाही. तेच मी दवाखान्यांत ऐकलंय, शिक्षकांच्या खोलीत ऐकलंय आणि आमच्या वाडीत मालवणीतून ऐकलंय: “चेडवाक खयचो बीपी?” (पोरीला कसलं बीपी?) वाडीतल्या माणसांना मी समजावू शकते. पण तेच शिक्का मारून लिहून आलं की गप्प बसवत नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि सगळ्यांसमोर.

मी देवगड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझी मुलगी आता पाचवीत आहे. तिचं नाव देत नाही, माझंही देत नाही. गाव लहान आहे आणि तिला अजून इथेच मोठं व्हायचंय.

ती तिसरीत असताना तिचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठल्यावर जास्त, कधी सोबत उलटी. शाळेत आली की बाकावर हात ठेवून त्यावर कपाळ टेकायची. अंगाने ती पहिल्यापासून बारीक, त्यात वजनही वाढेना. घरात ज्याने त्याने आपापल्या परीने कारण लावलं: पित्त, ऊन, नजर. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत दवाखान्यांतून जे मिळत होतं त्यापेक्षा ते कमी उपयोगाचं नव्हतं. एका ठिकाणी पित्ताचं सिरप मिळालं, एका ठिकाणी पाव नंबरचा चष्मा. एका ठिकाणी सांगितलं की अर्धशिशी आहे, आईला असली की मुलीला होते. मला अर्धशिशी नाही.

एका दवाखान्यात मात्र बीपी मोजलं गेलं. ते कसं मोजलं ते मला सविस्तर सांगायचंय, कारण सगळी गोम तिथेच आहे. दंडाला बांधायचा पट्टा मोठ्या माणसांचा होता. तिच्या दंडाला त्याचे जवळजवळ दोन वेढे बसले आणि खालची कड कोपराच्याही खाली उतरली. चिकटपट्टी धरेना, म्हणून कंपाउंडरने तो हाताने दाबून ठेवला. खुर्ची उजव्या बाजूने भिंतीला टेकलेली होती, म्हणून डावा हात घेतला. आकडा आला 118/78. “बघा, मोठ्या माणसासारखं एकदम नॉर्मल,” असं सांगून आम्हाला घरी पाठवलं.

या एका मोजणीत किती गोष्टी चुकल्या ते मला नंतर कळलं. पट्टा दंडापेक्षा मोठा असला की आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. पट्ट्यातल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या किमान 40 टक्के हवी आणि लांबी घेराच्या 80 ते 100 टक्के. मोजायचं ते उजव्या हातावर, कारण हृदयातून निघणारी महाधमनी पुढे अरुंद झालेली असेल तर डाव्या हाताचा आकडा फसवा असू शकतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे 118/78 हा आकडा आठ वर्षांच्या मुलीला नॉर्मल नसतोच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2017 मध्ये चाळणीसाठी एक साधा तक्ता दिला. त्यात आठ वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला 107/69 ही रेघ आहे. आकडा तिथे पोचला किंवा पुढे गेला की पुन्हा नीट मोजायचं. सहा वर्षांच्या मुलग्याला ही रेघ 105/66 आहे, दहा वर्षांच्या मुलग्याला 108/72. मोठ्यांची 120/80 ची रेघ तेरा वर्षांपासून पुढे लागू होते. त्याआधी वय, उंची आणि मुलगा की मुलगी यावरून ठरतं. म्हणजे चुकीच्या पट्ट्याने, चुकीच्या हातावर आलेला कमी आकडासुद्धा तिच्या वयाला जास्तच होता. पण समोर तक्ता नव्हता, आणि 120/80 डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की त्याच्या आतला कुठलाही आकडा ठीकच वाटतो.

आजार सापडला तो डोळ्यांच्या डॉक्टरांना. चष्म्याने काही फरक पडेना म्हणून कणकवलीला नेलं. त्यांनी डोळ्यांत थेंब घालून, बाहुली मोठी झाल्यावर आतला पडदा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग बाहेर येऊन मला विचारलं, “हिचं बीपी कुणी मोजलंय का?” पडद्यावर सूज होती आणि रक्ताचे बारीक ठिपके. त्यांनी शेजारच्या बालरोगतज्ज्ञांकडून लहान पट्टा मागवला आणि उजवा हात घेतला. 172/114. डाव्या मनगटाची नाडी बोटाला लागतच नव्हती. त्याच संध्याकाळी आम्ही गोव्याला, बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात निघालो.

पुढचं थोडक्यात सांगते. तिला ताकायासू नावाचा आजार निघाला. महाधमनीला आणि तिच्या फाट्यांना आतून सूज येते, भिंत जाड होते, वाट अरुंद होते. तिच्या डाव्या हाताकडे जाणारी आणि एका मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी अरुंद झाली होती. मूत्रपिंडाला रक्त कमी मिळालं की त्याला वाटतं सगळ्या शरीरातच रक्तदाब कमी पडलाय, आणि ते तो वाढवणारी रसायनं सोडत राहतं. भारतात मुलांच्या मूत्रपिंडाच्या धमन्या अरुंद होण्यामागे हे फार मोठं कारण आहे, आणि हा आजार मुलींमध्ये जास्त आढळतो. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो ते मिकितो ताकायासू हे जपानी डॉक्टर नेत्रतज्ज्ञच होते. 1908 मध्ये त्यांनी एका तरुण रुग्णाच्या डोळ्याच्या पडद्यावरचे बदल पाहून पहिलं वर्णन केलं होतं. शंभराहून अधिक वर्षांनी आमच्याकडेही ते डोळ्यातूनच सापडावं, याला योगायोग म्हणायचं की व्यवस्थेचं अपयश, ते तुम्ही ठरवा. मुंबईत परळला फुग्याने धमनी रुंद केली. औषधं चालू आहेत. दृष्टी वाचली. ती आता लंगडी खेळते आणि माझ्याच शाळेत असल्यामुळे मला त्रासही देते.

आता मुद्द्याकडे येते.

मोठ्या माणसांत रक्तदाब वाढला तर बहुधा तोच आजार असतो. त्यामागे एकच एक कारण सापडत नाही, गोळी घ्यायची, मीठ कमी करायचं, चालायचं. लहान मुलांचं तसं नाही. मूल जितकं लहान आणि आकडा जितका जास्त, तितकी आत दुसरा काही आजार दडलेला असण्याची शक्यता जास्त. डॉक्टर याला दुय्यम उच्च रक्तदाब म्हणतात. सहा वर्षांखालच्या मुलांत बहुतेक वेळा हाच असतो. सगळ्यात जास्त वेळा मूळ मूत्रपिंडात असतं. जन्मतःच लहान किंवा वेडंवाकडं मूत्रपिंड, लघवी उलट वर चढल्याने वारंवार होणारा जंतुसंसर्ग आणि त्याचे मूत्रपिंडावर राहिलेले व्रण, मूत्रपिंडाची सूज. मग धमन्या, मग हृदयाजवळची अरुंद महाधमनी, मग मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीच्या गाठी, थायरॉइड. कधी नुसतं औषध: दम्यासाठी, त्वचेसाठी, कशासाठी तरी महिनोन्महिने दिलेलं स्टेरॉइड. यातल्या कितीतरी कारणांवर इलाज आहे, काही तर पूर्ण बरी होतात. अट एकच, सापडली पाहिजेत. सापडली नाहीत तर मूल हिंडतं-फिरतं, आणि तिकडे हृदयाची भिंत जाड होत जाते, मूत्रपिंड झिजतं, आणि एक दिवस फिट येते. फिट आली की मिरगीच्या गोळ्या सुरू होतात. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली तर वारा लागला म्हणतात. दोन्ही वेळा आधी रक्तदाब मोजायला हवा, हे वैद्यकाच्या पुस्तकात आहे. आमच्या केसपेपरवर नसतं.

“प्रमाण नगण्य” याबद्दल. केंद्र सरकारच्याच 2016–18 च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 10 ते 19 वयाच्या सुमारे 5 टक्के मुलामुलींचा रक्तदाब वाढलेला आढळला. वीस जणांच्या वर्गात एक. यातली सगळीच मुलं माझ्या मुलीसारखी नाहीत, हे मला ठाऊक आहे. या वयात वजनाशी, घराण्याशी जोडलेला रक्तदाबही बराच असतो. पण कोण कुठल्या गटातलं हे मोजल्यावरच कळणार ना? दुसरा आकडा परदेशातला आहे. अमेरिकेत 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 14,187 मुलांच्या दवाखान्यातल्या नोंदी पुन्हा तपासल्या. 507 मुलांचा रक्तदाब निकषांप्रमाणे उच्च होता. पैकी निदान लिहिलेलं होतं ते 131 जणांच्या. म्हणजे जिथे दर भेटीला बीपी मोजलं जातं, आकडे कागदावर असतात, तिथेसुद्धा चारांतल्या तिघांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. आमच्याकडे तर आकडाच नाही. जे तुमच्या तपासणीत कधी मोजलं नाही ते नगण्य आहे, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे. अंगणवाडीची मुलं वर्षातून दोनदा आणि शाळेतली एकदा तपासायची, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत. कार्यक्रम चांगला आहे. त्यातून दुभंगलेल्या ओठांची, हृदयाला छिद्र असलेली किती मुलं वेळेत पोचली ते मी शिक्षिका म्हणून पाहिलंय, आणि भर पावसात ओढ्यापलीकडच्या वाडीपर्यंत येणाऱ्या पथकांविषयी माझ्या मनात आदरच आहे. माझी तक्रार त्यांच्या हातात दिलेल्या यादीबद्दल आहे. त्या यादीत तीस आजार आहेत. दात आहेत, कान आहेत, त्वचा आहे, गलगंड आहे. उच्च रक्तदाब नाही. गंमत बघा, जन्मजात हृदयदोष यादीत आहेत, आणि अरुंद महाधमनी हा जन्मजात हृदयदोषच आहे. तो नुसत्या स्टेथोस्कोपने सहज निसटतो. उजव्या हाताचं बीपी मोजलं आणि जांघेतली नाडी बोटांनी चाचपली तर पकडता येतो. नाडी चाचपायला पैसे लागत नाहीत. म्हणजे तुमच्याच यादीतला आजार शोधायला जे लागतं, तेच यादीत नाही.

भारतात कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मूत्रपिंड गटाने 2007 सालीच मुलांच्या रक्तदाबाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन वर्षांवरच्या मुलाचा रक्तदाब वर्षातून एकदा तरी मोजा, हे काही मी शोधून काढलेलं नाही. तेव्हा जन्मलेली मुलं आज कॉलेजात आहेत.

आणि सिंधुदुर्गाबद्दल तर मला विशेष बोलायचंय. मोठ्यांच्या रक्तदाबासाठी देशभरात जो उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातल्या अगदी सुरुवातीच्या जिल्ह्यांत आपला जिल्हा होता. भंडारा, सातारा, वर्धा आणि सिंधुदुर्ग. त्यामुळे आज आमच्या उपकेंद्रातसुद्धा तिशीवरच्या माणसाचं बीपी मोजून कार्ड बनतं, गोळ्या मिळतात. हे आपण करून दाखवलंय. मग त्याच यंत्राला आणखी दोन लहान पट्टे जोडायला काय हरकत होती? मुलीच्या गोळ्या आणायला मी एकदा आरोग्य केंद्रात गेले. खिडकीतल्या बाईंनी प्रेमाने विचारलं, “आजीचं कार्ड आणलंत?” मी म्हटलं, गोळी नातीची आहे. त्यांनी रजिस्टर उलटंसुलटं करून पाहिलं. लहान मुलाचं नाव घालायला त्यात रकानाच नव्हता. औषध समोर कपाटात होतं. शेवटी बाहेरच्या दुकानातून विकत घेतलं. आजही मोठ्यांची गोळी ब्लेडने अर्धी करून देते, आणि दोन तुकडे कधीच सारखे होत नाहीत.

आता पावसाळ्याबद्दल, कारण हे तुम्हाला मंत्रालयातून दिसणार नाही. आमच्याकडे जून ते सप्टेंबर मुलांचे पाय सुकतच नाहीत. चिखल, ओले मोजे, डास चावलेलं खाजवून झालेले फोड, खरूज. एका घरातून दुसऱ्या घरात, एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जाते. त्या फोडांत स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू असेल तर फोड सुकल्यावर, तीन ते सहा आठवड्यांनी, मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. घसा दुखला असेल तर त्याहून लवकर, एक ते तीन आठवड्यांत. सकाळी मुलाचे डोळे सुजलेले, चेहरा फुगलेला, लघवी कोऱ्या चहासारखी आणि कमी. अशा बहुतेक मुलांचा रक्तदाब वाढलेला असतो. योग्य काळजी घेतली तर बहुतेक मुलं काही आठवड्यांत बरी होतात. पण त्या मधल्या दिवसांत रक्तदाब एकदम चढून फिट येऊ शकते, छातीत पाणी होऊन धाप लागू शकते. हिशोब केलात तर हे दिवस बरोबर चतुर्थीच्या आसपास येतात. घर पाहुण्यांनी भरलेलं, मुंबईकर आलेले, मूल जरा सुजलंय तर मोदक जास्त झाले असतील, जागरण झालं असेल. माझ्या वर्गातला एक मुलगा असाच ऋषिपंचमीला आकडी येऊन ग्रामीण रुग्णालयात गेला. तो वाचला, कारण त्या रात्री ड्युटीवर असलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी बीपी बघितलं आणि नंतर फिटचं इंजेक्शन दिलं. त्यांच्याकडेही लहान पट्टा नव्हता. त्यांनी मोठाच पट्टा मांडीला बांधून अंदाज घेतला. शक्कल चांगली होती. पण सरकारी रुग्णालयात मुलांनी डॉक्टरांच्या हुशारीवर का जगावं?

आणखी एक गोष्ट खटकते. मुलांच्या बीपीवर गेल्या काही वर्षांत जे काही बोललं जातं, भाषणं, भित्तिपत्रकं, शाळेतली व्याख्यानं, ते सगळं वेफर्स, मोबाइल आणि लठ्ठपणाबद्दल असतं. ते चूक नाही. सुकट, खारा बांगडा, लोणचं, पापड हे आमच्या पानात रोज असतं, मीठ कमी करा हे सांगायलाच हवं. पण त्यातून लोकांच्या मनात पक्कं बसलंय की बीपी म्हणजे जाड्या, आळशी, लाडावलेल्या मुलाचा आजार. माझी मुलगी 19 किलोची होती. दिवसभर अंगणात उंडारणारी. तिच्याकडे बघून कुणाच्या मनात बीपी येणार? ज्या मुलाचं वजन वाढत नाही, ज्याला सारखा ताप येऊन जातो, जे धाप लागते म्हणून खेळातून बाजूला बसतं, त्या मुलाचं बीपी आधी मोजायला हवं. आणि तुमच्या जागृतीने नेमकं तेच मूल रांगेबाहेर ठेवलंय.

अंतराचं मी फार बोलत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ओरोसला आणि रत्नागिरीला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, ही मोठी गोष्ट झाली. तरीही मुलाच्या मूत्रपिंडाच्या धमनीचा डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, म्हटला की कागदावर बांबोळी, कोल्हापूर किंवा मुंबई लिहून मिळतं. मजुरीवर जाणाऱ्या बाईला तो कागद म्हणजे ‘बघू पुढच्या महिन्यात’. त्या पुढच्या महिन्यातच मुलं हातची जातात.

मी काय मागते ते साध्या शब्दांत लिहिते.

तीन वर्षांवरच्या प्रत्येक मुलाचा रक्तदाब वर्षातून एकदा मोजा, अंगणवाडीत आणि शाळेत. मूल पाच मिनिटं शांत बसलेलं, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, उजवा हात. रांगेत ढकलाढकली करून धापा टाकत आलेल्या मुलाचा आकडा घेऊन उपयोग नाही. आकडा जास्त आला तर लगेच शिक्का मारू नका. मुलं पांढऱ्या कोटाला घाबरतात. वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजा, तीनदा जास्तच आला तर पुढे पाठवा. मात्र आकडा फारच चढलेला असेल, किंवा डोकेदुखी, उलट्या, झटके, धाप, सूज यांतलं काही सोबत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात.

प्रत्येक पथकाला, प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि ग्रामीण रुग्णालयाला मुलांच्या तीन मापांचे पट्टे द्या. हे पट्टे शाळेच्या एका पंख्याहून महाग नाहीत. सोबत वयानुसार आकड्यांचा एक पानाचा मराठी तक्ता द्या, यंत्राच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला, म्हणजे हरवणार नाही. आमच्या जुन्या फायलींचं काय होतं ते मी पाहिलंय.

काही मुलांसाठी वर्षाची वाट बघू नका, तीन वर्षांची अटही नको. जी दिवस भरण्याच्या फार आधी जन्मली, जी नवजात अतिदक्षता कक्षात राहिली, ज्यांना हृदयाचा जन्मजात दोष आहे, ज्यांना वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग होतो, ज्यांना स्टेरॉइड चालू आहे, त्यांचं बीपी प्रत्येक भेटीत मोजलं जावं. तसंच फिट, न थांबणारी डोकेदुखी, चेहऱ्याची सूज, लाल किंवा काळपट लघवी, अचानक कमी झालेलं दिसणं घेऊन आलेल्या मुलाचा केसपेपर रक्तदाबाच्या आकड्याशिवाय पूर्ण मानू नका.

आकडा पक्का झाल्यावर वाट ठरलेली हवी. लघवीची तपासणी, रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, पोटाची सोनोग्राफी, चारही हातापायांचं बीपी आणि हृदयाची इको, एवढं जिल्हा रुग्णालयातच, शक्यतो एकाच फेरीत व्हावं. महिन्यातून एक दिवस ठरवून ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्ला सेवेवर, बालमूत्रपिंडतज्ज्ञ बसवा. पुढे पाठवायचंच असेल तर कुणाकडे, कुठल्या वारी, कुठल्या योजनेतून, हे कागदावर लिहून द्या. नुसतं ‘पुढील उपचारार्थ’ नको.

मोठ्यांसाठी जे रजिस्टर आहे त्यात मुलांसाठी पानं घाला आणि त्यांची औषधं केंद्रातून मिळू द्या, त्यांच्या मापाच्या मात्रेत.

आणि पावसाळ्यासाठी वेगळं. जुलैपासून आशाताईंना आणि आम्हा शिक्षकांना एवढंच सांगा की फोड आलेल्या मुलाला वेळेत उपचार मिळवून द्यायचे, आणि पुढचे दीड-दोन महिने त्याचा चेहरा नि लघवी यांची चौकशी करायची. आम्ही रोज हजेरी घेतो. त्यात एक प्रश्न वाढला तर बिघडत नाही.

वर्षाच्या शेवटी तालुकावार आकडे जाहीर करा: किती मुलांचा रक्तदाब मोजला, कितींचा जास्त निघाला, त्यांतल्या कितींच्या मागे दुसरा आजार सापडला. पहिल्या वर्षी आकडे लहान आले तरी चालतील. त्यानंतर नगण्य म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, मी वाद घालणार नाही.

सगळ्या जिल्ह्यात एकदम जमणार नाही, हे मी समजू शकते. देवगड आणि त्यासोबत रत्नागिरी जिल्ह्यातला एक तालुका घ्या. जूनच्या मध्याला शाळा उघडतात. त्याआधी पट्टे आणि तक्ते आले, तर पहिल्या सत्रात मोजणी होऊ शकते. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी आमच्या केंद्रशाळेची खोली शनिवारी दुपारनंतर रिकामी असते. मुख्याध्यापकांशी बोलून ठेवलंय. शिकवायला एक परिचारिका पाठवली तरी पुरे.

कळावे,

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
देवगड तालुका, जि. सिंधुदुर्ग